रद्दीच्या खोक्यातील सूर्यचूल

मराठवाड्यात ऊन हा कौतुकाचा नव्हे, तक्रारीचा विषय असतो. मार्च उजाडला की छत्रपती संभाजीनगरच्या बाजारपेठा दुपारी ओस पडू लागतात, खिडक्यांना पडदे लागतात आणि कूलरमध्ये वाळ्याचे नवे ताटवे बसतात. मात्र याच दिवसांत गच्च्यांवर पापड, कुरडया, सांडगे आणि शेवया पसरलेल्या दिसतात. म्हणजे उन्हाला कामाला लावण्याची विद्या या घरांना नवी नाही. वाळवणाच्या पुढे एक पाऊल टाकले तर हेच ऊन डाळ-तांदूळही शिजवू शकते. त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य घराच्या माळ्यावर, रद्दीच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे पडून असते. जुने पुठ्ठ्याचे खोके, खिडकीच्या काचा, फाटकी गोधडी आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांतून बनणाऱ्या या सूर्यचुलीमागील विज्ञान सोपे आहे. मात्र तिच्याकडून नेमकी किती अपेक्षा ठेवावी, हे आधी समजून घेतलेले बरे.

पेटीत ऊन कसे अडकते?

उन्हात काचा बंद करून उभ्या ठेवलेल्या मोटारीत काही वेळाने बसणाऱ्याला जो चटका बसतो, तेच सूर्यचुलीचे तत्त्व. सूर्यप्रकाश काचेतून आरपार जातो. आतील काळा पृष्ठभाग तो शोषून घेतो आणि तापतो. तापलेला पृष्ठभाग जी उष्णता बाहेर टाकतो ती दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात असते, आणि या किरणांना काच सहजासहजी वाट देत नाही. शिवाय गरम झालेली हवा वर जाऊन निसटू पाहते, तिलाही काच अडवते. पेटीच्या भिंती उष्णतारोधक असतील तर आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा अधिक राहते आणि तापमान चढत जाते. या दोहोंचा तोल जिथे साधतो, तिथे ते स्थिर होते. नीट बांधलेल्या रिकाम्या पेटीत ते १०० ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचू शकते. अन्न शिजण्यासाठी ८० ते १०० अंश पुरेसे असतात.

पुठ्ठ्याची पेटी उन्हात पेट घेईल, ही भीती अनेकांना वाटते. कागद आपोआप पेटण्यास साधारण २३० अंशांच्या आसपास तापमान लागते. एका सपाट आरशाची पेटी तिथवर पोहोचत नाही. अंतर्वक्र तबकडीची गोष्ट मात्र निराळी. ती ऊन एका बिंदूवर एकवटते, त्यामुळे तिथे आगीचा आणि डोळ्यांना इजा होण्याचा धोका खरा असतो. घरच्या पहिल्या प्रयोगासाठी पेटीच योग्य, ती यासाठी.

मुंबईतील जुना प्रयोग

ही कल्पना अडीचशे वर्षांहून जुनी आहे. स्वित्झर्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी १७६७ च्या सुमारास काचेच्या पेट्या करून त्यांत सूर्याची उष्णता कोंडण्याचे प्रयोग केले. आवरणे सुधारत त्यांनी पेटीतील तापमान १०० अंशांच्या पुढे नेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक जवळचा संदर्भ आहे तो विल्यम ॲडम्स यांचा. मुंबईत सरकारी सेवेत असलेल्या या इंग्रज गृहस्थांनी १८७० च्या दशकात सूर्याच्या उष्णतेवर प्रयोग केले आणि १८७८ मध्ये उष्ण कटिबंधातील देशांत इंधनाला पर्याय म्हणून सौर उष्णता वापरण्याविषयीचे पुस्तक मुंबईतच प्रसिद्ध केले. अष्टकोनी मांडणीतील आठ सपाट आरसे आणि मध्ये काचेने झाकलेली पेटी, अशी त्यांची चूल होती. भर जानेवारीत तिच्यावर सात सैनिकांचे जेवण दोन तासांत शिजल्याची नोंद त्यांनी केली आहे. लाकूडफाटा महाग असलेल्या देशात आकाशातून फुकट येणारी उष्णता वाया का घालवावी, हाच त्यांचा प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने अंतर्वक्र आरशाची सूर्यचूल तयार केली आणि ती बाजारातही आली, पण घराघरांत रुजली नाही. पुढे १९८० च्या दशकात केंद्र सरकारने पेटीच्या आकाराच्या सौरचुलींना अनुदान देऊन त्यांचा प्रसार केला. त्याआधीच, १९७० च्या दशकात, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बार्बरा केर यांनी साधी पुठ्ठ्याची खोकी आणि फॉइल यांतून चूल बनवण्याची पद्धत विकसित केली होती. कारखान्याशिवाय, सुतारकामाशिवाय कुणालाही करता येणारी सूर्यचूल जगभर पोहोचली ती मुख्यतः या वाटेने. येथे दिलेली रचनाही त्याच कुळातील आहे.

भंगारात काय शोधावे?

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे या शहरात नालीदार पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. एकात एक बसतील अशी दोन खोकी लागतात. आतील खोके साधारण ४५ सेंटीमीटर लांब, तेवढेच रुंद आणि २० सेंटीमीटर खोल असावे. बाहेरील खोके ६० सेंटीमीटर लांब-रुंद आणि २७-२८ सेंटीमीटर उंच असावे. म्हणजे चारही बाजूंनी आणि तळाशी सात-साडेसात सेंटीमीटरची पोकळी राहते. आतील खोके भांड्यापेक्षा तीन-चार सेंटीमीटरच खोल हवे. खोली जास्त झाली की भिंतींची सावली तळावर पडते आणि तापवायची हवाही वाढते.

पोकळीत भरण्यासाठी चुरगळलेली वर्तमानपत्रे, जुन्या गोधडीच्या चिंध्या, गादीतील कापूस किंवा भाताचे तूस चालते. उष्णता अडवण्याचे खरे काम या वस्तू करत नाहीत, तर त्यांच्यात अडकलेली कोरडी, स्थिर हवा करते. म्हणून भरण सैल असावे, ठासून भरू नये आणि ते दमट तर मुळीच नसावे.

थर्माकोल मात्र टाळावा. टीव्ही-फ्रिजच्या वेष्टनातून तो फुकट मिळतो आणि उत्तम उष्णतारोधक असतो, हे खरे. पण १०० अंशांच्या जवळ तो मऊ पडून आकसतो आणि त्याचा वास पेटीत पसरतो. अन्नाच्या पेटीत त्याला जागा नाही.

काचेसाठी जुन्या खिडक्यांची तावदाने किंवा फोटोफ्रेमच्या मोठ्या काचा उपयोगी पडतात. दोन काचांमध्ये दीड-दोन सेंटीमीटरची फट ठेवली तर एका काचेपेक्षा उष्णता बरीच अधिक टिकते. भंगारातील फ्रिजच्या कप्प्यांची कडक काच मिळाली तर उत्तम. मात्र ती कापता येत नाही, कापू गेल्यास तिचे तुकडे तुकडे होतात. म्हणून काच आधी आणावी आणि खोके तिच्या मापाने करावे.

तळासाठी तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून घ्यावा. तो दोन्ही बाजूंनी साबणाने धुऊन, घासून, वरील बाजूस फळ्याला देतात तसा मंद काळा रंग द्यावा. चकचकीत काळा रंग ऊन परावर्तित करतो, म्हणून तो नको. आरशासाठी स्वयंपाकघरातील फॉइल सर्वांत सोयीची. ती पडलेल्या प्रकाशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते. वेफर्सच्या पाकिटांची चंदेरी आतली बाजूही वापरता येते. ती फॉइलइतकी कार्यक्षम नाही, पण भंगारात जिला कुणी विकत घेत नाही अशी ही वस्तू आहे.

बांधणीचा क्रम

प्रथम बाहेरील खोक्याच्या तळाशी भरणाचा सात सेंटीमीटरचा थर द्यावा. भार पेलण्यासाठी त्यात पुठ्ठ्याच्याच वळ्या उभ्या ठेवाव्यात. त्यावर आतील खोके ठेवून चारही बाजूंच्या फटी भरून घ्याव्यात आणि दोन्ही खोक्यांच्या वरच्या कडा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी जोडून पोकळी बंद करावी. आतील खोक्याच्या भिंतींना फॉइल चिकटवावी आणि तळाशी काळा पत्रा बसवावा. पत्रा आणि पुठ्ठा यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे छोटे तुकडे ठेवून अर्धा-एक सेंटीमीटरची फट सोडली तर पत्र्याची उष्णता खाली झिरपत नाही.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ सर्वांत चांगली. बाजारातील अनेक डिंक तापल्यावर वास सोडतात. पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची पद्धत आहे, पण तो विषारी असल्याने अन्नाच्या पेटीत त्याचा वापर करू नये.

काचेची चौकट वेगळी करावी. पुठ्ठ्याच्या तीन-चार पदरी पट्ट्यांत दोन्ही काचा बसवून त्यांच्या कडा कापडी पट्टीने बंद कराव्यात. पेटीच्या काठावर जुन्या सुती कापडाची घडी चिकटवली की चौकट तिच्यावर घट्ट बसते. येथेच बहुतेक घरगुती चुली फसतात. काठावरची बोटभर फट जाड भरणाचा सगळा फायदा घालवते. अगरबत्ती पेटवून काठाभोवती फिरवली तर पेटी तापलेली असताना फट कुठे आहे ते धुराच्या हालचालीवरून कळते.

शेवटी काचेच्या मापाचा पुठ्ठा घेऊन त्यावर फॉइल चिकटवावी आणि हा आरसा एका कडेला बिजागरीसारखा जोडावा. फॉइल शक्य तितकी सपाट बसवावी, सुरकुत्या पडल्या की प्रकाश इतस्ततः विखुरतो. आरसा तिरका धरण्यासाठी काडी किंवा तार लावावी. मे महिन्यातील वाऱ्यात तो फडफडणार नाही, एवढा आधार आवश्यक आहे. तयार चूल पहिले दोन दिवस रिकामीच कडक उन्हात तापवावी. रंगाचा आणि खळीचा वास गेल्यावरच तिच्यात अन्न ठेवावे.

शहराची खरी माध्यान्ह

घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर आला, हा समज या शहरापुरता चुकीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि छत्रपती संभाजीनगर साधारण ७५.३ अंशांवर आहे. या फरकामुळे येथील माध्यान्ह सरासरीने साडेबाराच्या सुमारास होते. फेब्रुवारीत ती पाऊण वाजण्याच्या जवळ जाते, तर नोव्हेंबरच्या प्रारंभी सव्वाबाराला येते. म्हणून सूर्यचुलीसाठी सर्वोत्तम काळ सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच हा होय.

शहर सुमारे १९.९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र तो क्षितिजापासून अवघा ४७ अंशांवर असतो. आरशाचा कोन त्यानुसार बदलावा लागतो. पेटीची आरसा जोडलेली कड उत्तरेकडे ठेवली, तर माध्यान्हीच्या वेळी डिसेंबरात आरसा जवळजवळ सरळ उभा असावा. मार्च आणि सप्टेंबरात तो जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करील इतका, तर मे महिन्यात ६० अंशांपर्यंत मागे कलता असावा. कोनमापकाची गरज नाही. आरशातून परतलेला उजेडाचा पट्टा काचेच्या दूरच्या कडेपर्यंत नेमका पोहोचला की कोन बरोबर आला.

आरशाचा लाभ हिवाळ्यात सर्वाधिक असतो. मे महिन्यात तो पेटीत साधारण एक तृतीयांश अधिक प्रकाश आणतो, तर डिसेंबरात ही भर तीन चतुर्थांशापर्यंत जाऊ शकते. त्यामुळेच थंडीतील स्वच्छ, निरभ्र दिवस चुलीला मुळीच वाईट नसतात. तिला हवेच्या उष्म्यापेक्षा आकाशाची स्वच्छता महत्त्वाची वाटते. ढगाळ आणि धुळकट दिवशी ४० अंशांच्या उकाड्यातही ती मंदावते. पेटी दर पाऊण तासाने सूर्याकडे वळवावी. ते शक्य नसेल तर माध्यान्हीच्या सूर्याकडे तोंड करून ठेवून द्यावी.

काय शिजते, काय नाही?

वरण, भात, मुगाची खिचडी, उकडलेली रताळी, शेंगा, बटाटे, अंडी, ढोकळा आणि केक या चुलीत चांगले होतात. शेंगदाणे आणि रवा सावकाश, एकसारखे भाजले जातात आणि करपण्याची भीती जवळजवळ नसते. डाळ आधी तासभर भिजवावी. वाफ बाहेर जात नसल्याने पाणी नेहमीपेक्षा थोडे कमी घालावे. भांडे पसरट, पातळ, बाहेरून काळे आणि घट्ट झाकणाचे असावे. झाकण सैल असेल तर वाफ काचेवर साचते आणि ऊन अडवते.

फोडणी, तळण, पोळी आणि भाकरी मात्र येथे होत नाही. त्यांना लागणारे तापमान ही पेटी देऊ शकत नाही. ज्वारीच्या भाकरीवर पोसलेल्या प्रदेशात ही उणीव मोठीच. म्हणून सूर्यचूल गॅसची जागा घेत नाही, ती गॅसच्या शेजारी बसते.

अन्नसुरक्षेचा एक नियम कसोशीने पाळावा. जिवाणू वाढतात ते कोमट तापमानात, म्हणजे साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. मध्येच आभाळ भरून आले आणि दोन तासांत भांडे चांगले कढत झाले नाही, तर अन्न तसेच पेटीत न ठेवता लगेच गॅसवर शिजवून घ्यावे. शिजलेले अन्न संध्याकाळपर्यंत थंड होत चुलीतच राहू देऊ नये. काच आणि भांडे दोन्ही कापडाने धरूनच हाताळावे, आरशाकडे टक लावून पाहू नये आणि मुलांना जवळ मोठे माणूस असतानाच प्रयोग करू द्यावा.

हिशेब काय सांगतो?

निरभ्र दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे १००० वॅट इतकी सौरशक्ती पडते. ४५ सेंटीमीटरच्या चौरस काचेचे क्षेत्रफळ ०.२ चौरस मीटर. म्हणजे पेटीत २०० वॅट आणि आरशासह २७०-३०० वॅट येतात. काचेवरून परतणारा प्रकाश आणि भिंतींतून जाणारी उष्णता वजा जाता अन्नापर्यंत त्यांतील चौथा भाग पोहोचला, असे धरले तर हाती राहतात सुमारे ७० वॅट. एक लिटर पाणी २५ वरून ९५ अंशांपर्यंत नेण्यास या गतीने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणूनच तिघा-चौघांच्या खिचडीला दोन ते अडीच तास द्यावे लागतात. गॅसची शेगडी हेच काम अर्ध्या तासात उरकते.

एवढ्या खिचडीसाठी पाणी उकळण्याचा आणि नंतर मंद आचेचा मिळून गॅस साधारण २५ ग्रॅम लागतो. वर्षातील २५० दिवस चूल वापरली तर बचत होते सव्वासहा किलोच्या आसपास. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरच्या निम्म्याहूनही थोडी कमी. पेटी मोठी केली, दिवसात दोन पदार्थ केले तर बचत वाढेल, पण पुठ्ठ्याच्या एका खोक्याने गॅसचे बिल संपेल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो, हे लक्षात घेतले तर ही अल्प बचतही निरर्थक नाही. पण तिचे मोल अतिशयोक्तीने वाढवल्यास पदरी निराशाच येते.

कचऱ्याबाबतही तेच. नारेगावच्या डेपोला झालेल्या विरोधानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत कचऱ्याचे ढीग रस्त्यांवर साचले आणि मार्चमध्ये मिटमिटा-पडेगाव परिसरात त्यावरून हिंसक संघर्ष झाला. त्या दिवसांनी शहराला ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा धडा दिला. पुठ्ठा आणि काच यांना भंगारात भाव आहे, ते सूर्यचुलीवाचूनही पुन्हा वापरात येतात. चुलीचा खरा उपयोग आहे तो वस्तू टाकण्यापूर्वी तिच्याकडे पुन्हा एकदा पाहण्याची सवय लावण्यात. चिंध्यांपासून हातकागद बनवणारे कागजीपुरा शहरापासून फार दूर नाही. टाकाऊतून टिकाऊ घडवण्याची परंपरा या मातीत शतकांची आहे.

चूल माळ्यावर का जाते?

अनुदानातून घेतलेल्या अनेक सौरचुली काही महिन्यांत अडगळीत गेल्या. दोष विज्ञानाचा नव्हता. नोकरी करणाऱ्यांचे आणि शाळकरी मुलांचे डबे सकाळी आठ-नऊला भरावे लागतात, आणि सूर्य तेव्हा कामाला लागलेला नसतो. सदनिकांमध्ये गच्ची सामाईक असते किंवा कुलूपबंद असते. पेटी वर नेणे, वळवणे, खाली आणणे हे श्रम घरातील एकाच व्यक्तीवर, बहुधा गृहिणीवर पडतात. या अडचणींचा विचार न करता चूल वाटली गेली, की ती माळ्यावर जाणारच.

उलट जिथे दुपारचे जेवण मोठ्या प्रमाणावर आणि ठरल्या वेळी लागते, तिथे सूर्य चोख काम करतो. शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ परावर्तक तबकड्या बसवण्यात आल्या. त्यांच्यापासून होणाऱ्या वाफेवर हजारो भाविकांचे अन्न शिजवण्याची ती योजना होती. मराठवाड्यातील ग्रामीण महिलांबरोबर काम करणाऱ्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या संस्थेला सौर शुष्ककांतून शेतमाल वाळवून टिकवण्याच्या कामासाठी २०२३ चे अर्थशॉट पारितोषिक मिळाले. दोन्हीकडे सूर्याचे वेळापत्रक आणि कामाचे वेळापत्रक जुळले, हे यशाचे मर्म आहे.

घरातही तीच कसोटी लावावी. दुपारी घरी असणारे ज्येष्ठ, घरून काम करणारे, सुटीतील मुले किंवा वसतिगृहातील विद्यार्थी यांना ही चूल मानवेल. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी रविवारची खिचडी आणि आठवड्याचे शेंगदाणे तिच्यावर सोपवावेत. पहिला प्रयोग एका लिटर पाण्याचा करावा. काळ्या, झाकलेल्या भांड्यात ते किती वेळात कढत होते याची नोंद ठेवावी, फटी बुजवाव्यात आणि पुन्हा मोजावे. दुसऱ्या-तिसऱ्या दुरुस्तीनंतर वेळ कमी झालेली दिसली, की मग तांदूळ धुवायला घ्यावेत. पावसाळ्यापूर्वी मात्र पेटी कोरड्या जागी उचलून ठेवावी, कारण पुठ्ठ्याला उन्हापेक्षा पाण्याचे भय अधिक असते.